बत्तीस-बत्तीसची जोडी

आमच्या घरात ‘डेटा’ हा शब्द मी पहिल्यांदा जरा जोरात उच्चारला, तेव्हा मायनं कनवटीची घडी सोडून तीनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. “डेटा कमी पडूलालाय तर मोठा रिचार्ज मार की. त्याच्यासाठी नवं मशीन कशाला पायजे?”

तिची चूक नाही. आमच्या नांदेडकडच्या उमरीत डेटा म्हणजे रोजचा दीड जीबी. रात्री बारानंतर तो पुन्हा भरतो आणि दुपारपर्यंत भाचा तो संपवतो. माझा डेटा वेगळा आहे, हे तिला समजावून सांगायला मी तीन वर्षं घेतली आणि शेवटी तिचे तीनशेही ठेवून घेतले.

माझं काम पावसाचं. म्हणजे पाऊस पाडायचा नाही, पडून गेलेला मोजायचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून चार दिवसांसाठी उमरीला आलो, ते चार दिवस अजून चालू आहेत. महाराष्ट्रात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांच्या वर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. दर दहा मिनिटांनी एक नोंद धरली तर एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी, आणि दोन हजार केंद्रांच्या वर्षाला साडेदहा कोटी ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एका वर्षाचा पाऊस एक्सेलमध्ये भरायचा तर शंभरावर शीट लागतील, आणि शेवटचं शीट उघडेपर्यंत पुढचा पावसाळा येईल.

हे सगळं मी आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर करत होतो. फाइल उघडली की त्याचा पंखा मळणी यंत्रासारखा सुरू व्हायचा. शेजारच्या काकू एकदा विचारून गेल्या, “तूर काढूलालाव का?” रॅम भरली की संगणक उरलेला माल डिस्कवर ठेवतो. ओसरी भरली की पाहुण्यांना शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवतात, तसं. पाठवायला हरकत नसते. पण सकाळी एकेकाला चहाला बोलावून आणता आणता दुपार होते. माझा लॅपटॉप दिवसभर पाहुणे बोलावत बसलेला असायचा.

तर नवा संगणक घ्यायचा ठरलं, आणि तोही सुटे भाग निवडून, घरी जोडलेला. हे एकट्यानं ठरवायचं काम आहे असं मला वाटत होतं. उमरीत एकट्यानं फक्त आजारी पडता येतं, तेही पहिले दोन तास.

पहिला सल्ला पुण्याच्या मेव्हण्याचा. “मशीन कशाला घेताय दाजी? क्लाउडवर घ्या. तासाच्या भाड्यानं. काम झालं की बंद.” मी उत्तर द्यायच्या आत अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बाजेवरून विचारलं, “तासाच्या भाड्यानं म्हंजे ट्रॅक्टरसारखं का?” म्हटलं, अगदी तसंच. “मंग नको. वापसा आला की सगळ्यांनाच लागतंय. आणि ट्रॅक्टर तरी काम झालं की आपल्या पायानं निघून जातंय. तुजं ते उभंच राहिलं तर?”

अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते उभं राहिलंच होतं. मागच्या महालक्ष्म्यांना भाड्याचं एक मशीन चालू ठेवून मी फुलोऱ्याच्या तयारीला लागलो. तीन दिवसांनी लक्ष्म्या गेल्या, मशीन राहिलं. त्या बिलाचा आकडा बायकोला अजून माहीत नाही. ती मराठी मासिकं वाचत नाही, म्हणून इथं एवढं तरी लिहितोय.

दुसरा सल्लागार भाचा. वय सोळा, अकरावी सायन्स, ज्ञान अफाट. त्याच्या मते संगणकाला काचेची भिंत हवी, आत सात रंगांचे पंखे हवेत आणि ग्राफिक्स कार्ड विटेएवढं हवं. “मामा, त्याच्यावर डेटापण पळतो.” खोटं नव्हतं. ग्राफिक्स कार्डावर हजारो लहान लहान गणितं एकदम होतात. एआयचं सगळं वऱ्हाड त्याच मांडवात जेवायला बसलंय. पण माझं काम बेरजा, गटवाऱ्या आणि ‘ही नोंद खरी की सेन्सरवर कावळा बसला होता’ असल्या चौकशांचं. त्याला विटेची गरज नव्हती. रायझनच्या ७००० मालिकेत पडद्यापुरतं ग्राफिक्स बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच असतं. भाच्याचा चेहरा पडला. काचेच्या कॅबिनेटला तर मी साफ नकार दिला. जिनिंगच्या हंगामात आमच्याकडं सरकीचा मऊ कापूस हवेतच असतो. पंखा तो ओढून घेतो आणि आत बसून गादी भरतो. म्हणून पुढं जाळी, जाळीमागं धुता येणारी चाळणी, असं पत्र्याचं साधं कॅबिनेट मी पसंत केलं. भाचा म्हणाला, “हे तर कूलरसारखं दिसतंय.” त्यालाच तर कौतुक म्हणायचं होतं मला. मे महिन्यात नांदेडकडं पारा ४३च्या वर जातो, तेव्हा इथल्या कुठल्याही यंत्राला कूलरसारखं दिसण्यात कमीपणा नाही.

तिसरे मामू. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटार हुंगून ती कशानं जळाली हे सांगणारा माणूस. मी त्यांच्यासमोर प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी अशी यादी वाचली. त्यांनी ती ऐकलीच नाही. “वो सब छोडो. लोड कितना? और अर्थिंग है क्या?”

अर्थिंगचा माझ्या यादीत पत्ताच नव्हता. इंटरनेटवर तासन्‌तास लोक एका फ्रेमचा वेग दुसऱ्या फ्रेमशी तोलतात. त्यांच्या घरची लाईट बहुधा जात नाही, आणि आली तर २३० व्होल्टच येते. आमच्याकडं ती संध्याकाळी थकून येते आणि मध्यरात्री तालमीतून. मामूंनी कागदाच्या पुड्यावर मला जे शिकवलं, ते कुठल्याही व्हिडिओत एवढ्या थोडक्यात सापडलं नसतं. संगणकाचा चांगला पॉवर सप्लाय लाईट गेल्यावर सतरा मिलिसेकंदांच्या आसपास श्वास रोखून धरू शकतो. इन्व्हर्टरनं तेवढ्या वेळात पुढं येऊन हात दिला पाहिजे. यूपीएस मोडवर तो दहाएक मिलिसेकंदांत देतो, पंख्या-दिव्यांच्या मोडवर कधीकधी वाटच बघतो. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट नव्या पद्धतीच्या पॉवर सप्लायला मानवत नाही, ते मध्येच मान टाकतात. “आदमी को भी चौकोनी रोटी दो तो खाएगा, मगर पूछेगा जरूर,” मामू म्हणाले.

माझ्या खर्चाचा पहिला पैसा असा प्रोसेसरवर न जाता खड्ड्यात गेला. अक्षरशः. अंगणात खड्डा, त्यात पाइप, आणि मीठ-कोळशाचे थर. माय म्हणाली, “सगळं मीठ जमिनीत घातलास, आता भाजी आळणी खा.”

आता अण्णा. अण्णांनी आयुष्यात एकदाही संगणकाला हात लावलेला नाही. पण माळेगावच्या यात्रेत त्यांनी चाळीस वर्षं बैल पारखले. लाल कंधारी म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं वाण, देवणी शेजारच्या लातूरचं. दोन्ही त्यांना लांबून चालीवरून कळतात. कुठलीही वस्तू घ्यायची तर ते आधी तिचे दात विचारतात.

“ह्याला दात किती?”

प्रोसेसरला कोर असतात, असं मी सांगितलं. ह्याला बारा. “जुळलाय म्हणायचा,” अण्णा खूश झाले. मग मी दोन प्रोसेसर समोर ठेवले. रायझन ९, ७९००एक्स आणि साधा ७९००. दोघांना बाराच कोर. पण एकाची वीज १७० वॉटची गणलेली, दुसऱ्याची ६५ची. एक्सवाला थोडा पुढं पळतो.

“किती पुढं?”

थोडाच.

“आणि वैरण अडीचपटीच्या वर? त्यात उन्हाळ्यात तापणार. तो मारका हाय रे. लोकांना दाखवायला घेतात तसला. शांत घे.”

इंटरनेटवर सोळा पानं वाचून मी ह्याच निष्कर्षाला आलो होतो. अण्णांना एक विडा पुरला.

पण त्यांच्या बैलज्ञानाचा खरा कस रॅमवर लागला. रॅम किती घ्यायची ह्याचा माझा हिशोब पक्का होता. पायथनमध्ये पांडास नावाची लायब्ररी आहे. अस्वलाशी तिचा संबंध नाही, ‘पॅनेल डेटा’वरून तिचं नाव पडलं. तिचा कर्ता वेस मॅकिनी ह्यानंच सांगून ठेवलंय की डेटा जेवढा, त्याच्या पाच ते दहापट रॅम असावी. माझ्या साडेदहा कोटी ओळी, दहा कॉलम, प्रत्येक आकड्याला आठ बाइट, म्हणजे साडेआठ जीबीला थोडं कमी. पाचपट बेचाळीस, दहापट चौऱ्याऐंशी. मधला मुक्काम चौसष्ट. (नको असलेले कॉलम आधीच वगळले आणि फाइल नीट कॉलमवार साठवली, तर निम्म्यातही भागतं. हे मला माहीत होतं. पण वस्तू घ्यायचं ठरल्यावर असले विचार मनात आणणारा माणूस संसारी नव्हे.)

प्रश्न असा की चौसष्ट कसे घ्यायचे? बोर्डावर चार जागा. सोळाच्या चार पट्ट्या की बत्तीसच्या दोन? भाचा म्हणाला चार, म्हणजे सगळं भरलेलं दिसतं. मलाही तसंच वाटत होतं. बाकीच्या हिशोबात मला नेहमीच चार हे दोनपेक्षा जास्त वाटत आले आहेत.

“दोन बैलांच्या जागी चार जुंपले तर औत काय करतंय?” अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, जोरात चालत असेल. अण्णा हसले. माय पण हसली. घरात फक्त मी आणि भाचा हसलो नाही.

“ओढ वाढती. चाल कमी व्हती. चौघांनी एका तालात पाऊल टाकायचं म्हंजे सगळ्यात हळू असंल त्याच्या पावलानं.”

रात्री मी प्रोसेसरचा अधिकृत तक्ता उघडला. डीडीआर५च्या दोन पट्ट्या लावल्या तर वेग ५२००. चार लावल्या तर ३६००. मी तो आकडा दोनदा वाचला आणि झोपलो. सकाळी अण्णांना सांगितलं नाही. ह्या घरात राहायचंय अजून.

शिवाय एकसारखी जोडी हवी, एकाच खोक्यातली, हेही त्यांचंच. एक इथून, एक तिथून आणून जू मोडतं. आणि पट्ट्या लावायच्या त्या शेजारीशेजारी नाहीत, दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. “उजवा उजवीकडं, डावा डावीकडं. त्याला पुस्तक कशाला?” मदरबोर्डच्या निवडीत मी फार वेळ घातला नाही. अण्णांच्या भाषेत ते जू. मजबूत असावं, नक्षी नको.

एसएसडीची निवड मात्र मायनं समजावून घेतली, तिच्या पद्धतीनं. हार्ड डिस्कवर साधारण सेकंदाला दीडशे एमबी वाचता येतात, आताच्या चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवर सात हजार. पण स्वस्तात एक खोट असते. क्यूएलसी जातीच्या एसएसडी आधी भराभर लिहितात, कारण आत थोडी चपळ जागा राखून ठेवलेली असते. ती भरली की त्यांचा वेग असा बसतो की जुनी हार्ड डिस्क बरी. माझ्या फाइली मोठ्या, म्हणजे ती जागा रोजच भरणार. “म्हंजे लग्नातल्या वाढप्यासारखं,” माय म्हणाली. “पहिल्या पंगतीला धावतंय, तिसऱ्या पंगतीला बुंदी मागितली की दिसतच नाही.” मी टीएलसी ह्या दुसऱ्या जातीची दोन टीबी घेतली. शेवटच्या पंगतीचा माणूस आहे मी.

ह्या सगळ्या चर्चेत दिवाळी गेली, आणि तिथंच मार खाल्ला. २०२५च्या दिवाळीनंतर रॅमचे भाव जे उठले ते थांबेनात. दोन महिन्यांत दुपटीच्या वर. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ह्या तिघांच्या कारखान्यांत होते. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवायला त्यांनी आपली चाकं तिकडं वळवली. डिसेंबरात मायक्रॉननं घरगुती गिऱ्हाइकांचा ‘क्रुशियल’ हा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. अण्णांना मी भाव दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

“आणि सोयाबीन?”

सोयाबीनचा त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ५३२८. मोंढ्यात आम्हाला मिळाला तो त्याच्या बराच खाली. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पुढच्या साली हेच पेरू.”

खरेदीला सिकंदराबाद. उमरीकरांना मुंबईचा लॅमिंग्टन रोड लांब पडतो, पार्क लेनवरचं चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांचं सीटीसी, रुळांनी सरळ जोडलेलं. १९५६पर्यंत आमची राजधानीही शेजारचं हैदराबादच होती. अण्णा बरोबर आले. पैसे त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात शिवून घेतले होते. देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसल्यावर त्यांना इतिहास आठवला. ३० जानेवारी १९४८ला स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेच्या उमरी शाखेवर छापा घालून मुक्तिलढ्यासाठी लाखोंची रक्कम नेली, ही गोष्ट आमच्याकडं पोरं पाळण्यात ऐकतात. अण्णांनी खिसा चाचपला. “तवाच्या माणसांनी हैदराबादचा पैसा आणला. आणि तू नेऊन देऊलालास.”

बासर आलं तसं त्यांनी सरस्वतीला हात जोडले. मी खिडकीतून बघत होतो. परतताना ह्याच दारावरून यंत्राचा मेंदू न्यायचा होता.

सीटीसीत एकेक दुकान म्हणजे कपाटाएवढं, आणि त्यात मावलेला माल गोदामाएवढा. दुकानदारानं सकाळीच आलेला भावांचा कागद पुढं सरकवला. कालचा भाव विचारू नका म्हणाला. अण्णांनी कागदाकडं पाहिलंच नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची तीन बोटं दाबली.

माळेगावात भाव असेच ठरतात. भोवतालच्यांना आकडा कळू नये म्हणून. दुकानदारानं रुमालाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अण्णांनी आणखी एक अर्धं बोट दाबलं. म्हणजे वाढवून दिलं.

“चाचा, तबियत ठीक है ना?” दुकानदार हळूच म्हणाला. “पानी मंगाऊं?”

“हौ,” अण्णा म्हणाले. पाणी आलं, मग चहा आला. चहानंतर दुकानदारानं रॅमवर काही नाही, पण पॉवर सप्लायवर पाचशे कमी केले. बाहेर पडल्यावर अण्णांनी मला समजावलं की साडेतीन बोटांचाच सौदा होता तो, फक्त गडी नवा होता.

परतीच्या गाडीत कॅबिनेट वरच्या फळीवर, मदरबोर्ड माझ्या मांडीवर आणि प्रोसेसर अण्णांच्या बंडीच्या त्याच खिशात, जिथं सकाळी पैसे होते. मारी बिस्किटाहून लहान वडी. त्यांनी ती तीनदा काढून पाहिली. “ह्यात बारा?” समोरच्या बाईंनी विचारलं, मूर्ती आहे का? अण्णा म्हणाले, “प्राणप्रतिष्ठा व्हायची हाय अजून.”

ती दुसऱ्या दिवशी माजघरात झाली. भाचा पुजारी, मी यजमान. प्रोसेसरवर लावायची पेस्ट हरभऱ्याएवढी असते. माय म्हणाली, “एवढीच चटणी? दोन घास तरी लागतील अशी लाव.” पुड्यातला पंखा बाहेर काढल्यावर भाचा ओरडला. साध्या ७९००बरोबर कंपनी जो पंखा फुकट देते, त्याला रंगीत दिव्यांची कडी असते. मी कुठं विचारलं होतं? पत्र्याच्या कॅबिनेटच्या जाळीतून आता सात रंग पाझरणार होते. भाच्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मुलीकडचे लोक हुंडा न घेणाऱ्या जावयाकडं पाहतात, नंतर त्यानं फ्रिज मागितल्यावर.

बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळा.

एक मिनिट. दोन. मामू आले होते, त्यांनी टेस्टर लावून अर्थिंग निर्दोष जाहीर केलं. मेव्हण्यानं फोनवरून सांगितलं, “म्हणून म्हणत होतो, क्लाउड.” भाचा पेस्ट कमी पडल्याच्या मताला आला आणि माय त्याच्या बाजूनं झाली. माझ्या पोटात सोयाबीनचा सगळा हंगाम फिरत होता. बटण दाबून पुन्हा सुरू करावं म्हणून मी हात पुढं केला, तर अण्णांनी तो धरला.

“हात लावू नको. नवी जोड हाय. पहिल्यांदाच एका जुवाखाली आलीय. एकमेकांचा अंदाज घिऊ दे.”

डीडीआर५ची रॅम पहिल्यांदा चालू होते तेव्हा बोर्ड पट्ट्यांशी वेळ जुळवत बसतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. हे मी वाचलं होतं आणि ऐन वेळी विसरलो होतो. अण्णांनी वाचलं नव्हतं, त्यामुळं विसरायचा प्रश्न नव्हता. पाचव्या मिनिटाला पडदा उजळला. बत्तीस आणि बत्तीस, चौसष्ट.

एक खुलासा करायला हवा. बारा कोर म्हणून काम बारापट झालं नाही. जीन ॲमडाल ह्या माणसानं १९६७मध्येच मांडून ठेवलंय की कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही हात लावा, दहापटीपुढं जाता येत नाही. कापूस वेचायला वीस बाया लावता येतात, पण मोंढ्यात काटा एकच असतो. तरीही जो हिशोब लॅपटॉप रात्रभर करायचा तो चहा उतू जायच्या आत झाला. तो उतू गेलाच, कारण सगळे पडद्याकडं बघत होते. मध्ये लाईट गेली. माजघरातली ट्यूब मिचकावली, मशीन मिचकावलं नाही. मामूंनी मिशीवर हात फिरवला.

“काय निघालं?” अण्णांनी विचारलं. म्हटलं, पावसाळ्यात आपल्या मंडळात अमुक इतक्या दिवशी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, म्हणजे अतिवृष्टी. मी तारखा वाचून दाखवल्या. अण्णा प्रत्येक तारखेला मान हलवत होते. “ह्या दिवशी मी बांधावर व्हतो. ह्या दिवशी तुजी माय म्हणाली नको जाऊ. आणि ही एक चुकलीय, त्या दिवशी पाऊस रातीचा आलता, दुसऱ्या दिवशीत धर.” मी नोंदींची वेळ तपासली. मोजणीचा दिवस सकाळी बदलतो, मी मध्यरात्री बदलला होता. कोड दुरुस्त केला.

आता उन्हाळा लागलाय. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही, असं मामूंनी बजावलंय. ते काम मायनं न सांगता घेतलं. सकाळी तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं खड्ड्यात ओतते. परवा पाहिलं तर झाकणाच्या फरशीवर हळदीकुंकवाची दोन-दोन बोटं होती. मामू मीटर घेऊन आले, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये व्होल्टेज मोजलं. दोनच्या खाली. त्यांनी फरशीकडं पाहिलं, मीटर पुसून पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, “चालू रखो.”